नवख्याला कुठलं राज्य द्यावं?

गेल्या मे महिन्यात माझी मावसबहीण ऋतुजा तीन आठवडे पुण्यात माझ्याकडे राहायला आली होती. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नुकतंच संपलेलं, निकाल लागायचा होता, आणि एम-टूचा पेपर कसा गेला हे कुणी विचारायचं नाही असा घरात अलिखित करार होता. दुसऱ्याच दिवशी दुपारी तिने माझा जुना लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "दादा, तू हॉस्टेलला असताना जो गेम रात्र-रात्र खेळायचास, तो मला शिकव."

तो गेम म्हणजे 'फॉल फ्रॉम हेवन २'. नेमकं सांगायचं तर तो स्वतंत्र गेम नाही, मॉड आहे. २००५ साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन फोर'वर, त्यातही २००७च्या 'बियॉन्ड द स्वोर्ड' या एक्सपान्शनवर, डेरेक पॅक्स्टन आणि त्याच्या सोबतच्या हौशी मंडळींनी चढवलेला. मूळ गेममध्ये तुम्ही एक संस्कृती घेऊन अश्मयुगापासून अंतराळयानापर्यंत जाता. मॉडने त्यातला इतिहास उपटून काढला आणि तिथे एरेबस नावाचं जग बसवलं. नुकतंच हिमयुगातून बाहेर आलेलं जग, २१ राज्यं, ७ धर्म, जादू, ड्रॅगन, आणि जगबुडी किती जवळ आली हे सतत दाखवणारा एक आकडा : आर्मगेडन काउंटर. पॅक्स्टनने हे जग आधी मित्रांबरोबर टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना रचलं होतं. पुढे तो स्टारडॉक कंपनीत गेला आणि 'फॉलन एन्चँट्रेस'सारखे गेम बनवू लागला, पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, फुकटात वाटलेलं. इंजिन जुनं असल्यामुळे हॉस्टेलवरच्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही ते चालायचं. (माझ्याकडे मूळ गेम एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून आला होता. पहिल्या पगारानंतर सेलमध्ये विकत घेतला. उशिरा का होईना, पाप फेडलं.)

मी मोठ्या उत्साहाने तिला शिकवायला बसलो आणि पहिल्याच स्क्रीनवर अडकलो. कारण सुरुवातीलाच मॉड तुम्हाला दोन प्रश्न विचारतो. कुठलं राज्य घेणार? आणि कुठल्या सेटिंग्ज? नवख्या माणसाला या दोन्हींची उत्तरं येत असती तर तो नवखा कशाला असता?

आधी सेटिंग्ज. कस्टम गेमच्या पानावर चौकोनांची एक लांबलचक यादी येते, हवं त्यावर टिक करायची. 'नो ऑर्थस' : सुरुवातीच्या काळात कुऱ्हाड घेऊन फिरणारा ऑर्थस नावाचा रानटी सरदार येणार नाही. 'नो ॲकेरॉन' : लाल ड्रॅगन येणार नाही. 'एंड ऑफ विंटर' : सगळा नकाशा बर्फात सुरू होतो आणि हळूहळू वितळतो. 'ब्लेसिंग ऑफ अमाथऑन' : जमिनीवर साधनसंपत्ती जास्त मिळते. 'लास्ट डेज' : जगबुडीचा आकडा जास्त वेगाने चढतो. आणि 'कॉम्पॅक्ट एन्फोर्स्ड'. हे काय असेल, सांगा बघू. एरेबसच्या पुराणात देवांनी आपसात करार केला की आता पृथ्वीवर थेट ढवळाढवळ करायची नाही. हा करार 'लागू' केला, की नरकाचा सरदार हायबोरेम आणि स्वर्गाचा सेनापती बेसियम हे दोघं खेळात उतरू शकत नाहीत. नवख्यासाठी हा यादीतला सगळ्यात कामाचा पर्याय असेल, कारण खेळाच्या मध्यावर आयता सैन्यासकट उगवणारा हायबोरेम पहिल्या खेपेला कुणालाच झेपत नाही. पण त्याच्या नावाचा अर्थ कळायला तुम्ही आधीच चारपाच वेळा हरून पुराण वाचलेलं असावं लागतं. म्हणजे औषधाच्या बाटलीवर रोग बरा झाल्यावरच वाचता येईल अशा अक्षरात नाव लिहिलेलं.

मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या सेटिंग्जची पानं बनवतो, त्यामुळे हे मला जास्तच टोचतं. ही यादी बनवणाऱ्याच्या बाजूने लिहिली आहे, वापरणाऱ्याच्या नाही. कोडमध्ये एक स्विच होता, तो पडद्यावर आणून ठेवला. आम्हीही असंच करतो आणि वर त्याला 'पॉवर युजर फीचर' म्हणतो.

मग अवघडपणाची पातळी. मूळ सिव्हिलायझेशनमधूनच आलेल्या नऊ पायऱ्या आहेत, 'सेटलर'पासून 'डीइटी'पर्यंत, मधली 'नोबल' साधारण समसमान. बहुतेकांना वाटतं की खालच्या पायरीवर कॉम्प्युटर मठ्ठ होतो आणि वरच्या पायरीवर हुशार. तसं होत नाही. कॉम्प्युटरची अक्कल सगळीकडे तेवढीच असते. खाली तुम्हाला सवलती मिळतात आणि वर त्याला. 'सेटलर'वर रानटी टोळ्यांशी लढताना तुमच्या शिपायांना आयता बोनस असतो, पहिल्या काही लढाया तर फुकटात जिंकून दिल्या जातात, राज्याचा खर्चही कमी धरला जातो. परिणाम असा की 'सेटलर'वर तुम्ही जे शिकता त्यातलं निम्मं खोटं असतं. एकटा शिपाई जंगलात पाठवला तरी तो अस्वलाला मारून परत येतो, आणि तुम्हाला वाटतं की एकटा शिपाई जंगलात पाठवायचा असतो. चार खेळांनंतर 'नोबल'वर याल तेव्हा पहिल्या दहा चालींत तोच शिपाई सिंहाच्या पोटात जातो, आणि चूक कुठे झाली हे कळत नाही, कारण आजवर ती चूक नव्हतीच.

मॉडने इथे स्वतःची भर घातली आहे आणि ती मला विचार करण्यासारखी वाटते. 'फ्लेक्सिबल डिफिकल्टी'चा चौकोन टिक केला की तुम्ही पुढे गेलात तर खेळ अवघड होतो, मागे पडलात तर सोपा. कल्पना ऐकायला छान, पण चांगलं खेळल्याची शिक्षा आणि वाईट खेळल्याचं बक्षीस, असा त्याचा अनुभव येतो. त्यापेक्षा 'हाय टू लो' भन्नाट आहे. तुम्ही गुणांमध्ये सगळ्यांच्या वर पोचलात की खेळ तुम्हाला उचलतो आणि सगळ्यात खालच्या राज्याच्या गादीवर नेऊन बसवतो. आता तुमच्यासमोर शत्रू कोण? तुम्हीच उभं केलेलं साम्राज्य. हे नवख्यासाठी अजिबात नाही, पण अवघडपणा म्हणजे आकड्यांची वाढघट नव्हे, हे समजलेल्या माणसाने लिहिलेलं आहे हे लगेच कळतं. तोच माणूस शेजारच्या ओळीत 'कॉम्पॅक्ट एन्फोर्स्ड' लिहून मोकळा होतो, याचं आश्चर्य वाटतं.

तर मी ऋतुजासाठी 'नोबल'च्या एक पायरी खाली, स्टँडर्ड नकाशा, ऑर्थस बंद, ॲकेरॉन बंद, कॉम्पॅक्ट लागू असं सगळं टिक केलं. नकाशा 'एरेबस' नावाचा घेतला, कारण त्यात डोंगररांगा आणि खिंडी असतात आणि चारही दिशांनी कुणी येत नाही. मोठा नकाशा मुद्दाम टाळला. जुनं इंजिन मोठ्या नकाशावर शेवटी-शेवटी मेमरी संपून बंद पडतं, आणि नवख्याचा पहिलाच डाव असा वाया गेला तर तो परत येत नाही. एवढं झाल्यावर राज्य निवडलं : कुरिओटाटेस.

जुने खेळाडू नवख्यांना जी नावं सुचवतात त्यात हे नाव बहुधा असतंच. कारण समजण्यासारखं आहे. राजा कार्डिथ लोर्डा हा एक लहान मुलगा. राज्याचा नियम असा की खरी शहरं मोजकीच वसवता येतात, स्टँडर्ड नकाशावर तीन. बाकी नुसत्या वस्त्या, ज्यांना खर्चही नाही आणि ज्यांच्याकडून फारसं उत्पन्नही नाही. त्या बदल्यात ही शहरं अवाढव्य होतात. नेहमीचं शहर आजूबाजूच्या २० चौकटी कसतं, कुरिओटाटेसचं शहर त्याच्याही पुढच्या कड्यापर्यंत हात पसरतं. तीनच शहरं सांभाळायची, मग अवघड काय?

साठेक चालींत तिची तीन शहरं झाली. त्यानंतर ऋतुजाने जे केलं ते असं : एंड टर्न. एंड टर्न. एक इमारत पूर्ण झाली, दुसरी लावली. एंड टर्न. मी शेजारी बसून "बघ, किती छान वाढतंय" म्हणत होतो. ती म्हणाली, "दादा, मी इथे नसते तरी हे असंच वाढलं असतं ना?"

मग एकशेवीस-पंचवीसच्या आसपास शेजाऱ्याने हल्ला केला आणि एक शहर घेतलं. तीनातलं एक. म्हणजे एका चालीत तिचं एकतृतीयांश राज्य गेलं. दहा शहरांच्या राज्यात सीमेवरचं एक गाव जातं, चुटपुट लागते, आपण धडा घेतो. इथे धडा घ्यायला राज्यच उरलं नव्हतं. तिने लॅपटॉप मिटला. दोन दिवस त्या गेमचं नाव काढलं नाही.

मी आधी तिलाच दोष दिला, मनातल्या मनात. मग हळूहळू लक्षात आलं की 'सोपं राज्य' या शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी ढकलतो. एक, ज्यात निर्णय कमी आहेत. दोन, ज्यात चुका पचतात. कुरिओटाटेसमध्ये निर्णय कमी आहेत, म्हणूनच प्रत्येक निर्णय जिवावरचा आहे. आणि ज्या गोष्टी शिकायच्या, म्हणजे शहर कधी वाढवायचं, खर्चाने तिजोरी कधी रिकामी होते, नवीन गाव वसवणं कधी अंगाशी येतं, त्या तर नियमानेच काढून घेतल्या आहेत. कुरिओटाटेस मुळात सोपं नाहीच. ते जाणकाराचं राज्य आहे. मूळ खेळ शंभर वेळा खेळलेल्या माणसाला "तुला तीनच शहरं मिळतील" असं सांगितलं की त्याचं डोकं चालू लागतं. ज्याला पहिला नियमच माहीत नाही, त्याला तो मोडल्याची मजा कशी कळणार?

या मॉडची सगळी रचनाच अशी आहे की प्रत्येक राज्य मूळ खेळाचा एखादा नियम मोडतं. म्हणून नवख्याला कुठलं राज्य द्यावं हा प्रश्न खरं तर असा आहे, की कुठला नियम कशा तऱ्हेने मोडलेला चालेल.

ग्रिगोरी घ्या. हेही नवख्यांच्या यादीतलं हमखास नाव. राजा कॅसिएल, देवांची चाकरी सोडून आलेला देवदूत. त्याच्या राज्यात धर्म नाही, कुठलाच स्वीकारता येत नाही. ही कल्पना मला फार आवडते. देव खरोखर असलेल्या जगात नास्तिक असणं म्हणजे 'देव नाही' असं म्हणणं नव्हे, 'देव आहे, पण मला नको' असं म्हणणं. त्याच्याकडे अधूनमधून 'ॲडव्हेंचरर' जन्माला येतात, आणि ते काही न करताही चालीगणिक अनुभव कमावत नायक बनतात. गोष्ट म्हणून उत्तम. पण नवख्याला 'धर्माची कटकट नाही' म्हणून ग्रिगोरी देणं म्हणजे या मॉडचा निम्मा भाग झाकून ठेवणं. कोण कुणाचा मित्र होणार, कुठले पुजारी, कुठले नायक, जगबुडी कोणाच्या बाजूने येणार, हे बरंच काही त्या सात धर्मांवर ठरतं. ग्रिगोरीने सुरुवात केलेल्या माझ्या एका रूममेटला सहा महिने वाटत होतं की ॲशन व्हेल हा कुठलातरी डोंगर आहे.

एलोहिमबद्दल मी जास्त मऊ आहे. त्यांचा जागतिक मंत्र 'सँक्च्युअरी'. (प्रत्येक राज्याला असा एक मंत्र असतो, अख्ख्या डावात एकदाच वापरायचा.) तो म्हटला की काही काळ परक्या सैन्याला तुमच्या हद्दीत पायच ठेवता येत नाही. यात काही काढून घेतलेलं नाही. सगळे धर्म, सगळी जादू, सगळी डोकेदुखी तुमच्याकडे आहे, फक्त एकदा, एकच वेळ, घराचं दार आतून लावता येतं. अडचण एवढीच की नवखी माणसं हा मंत्र वापरतच नाहीत. कपाटातली पैठणी नेसायला अजून चांगला प्रसंग येईल म्हणून जपून ठेवावी, तसा तो जपला जातो आणि राजधानी पडते तेव्हा घडीसकट जातो. मॉडने इथे एकदा तरी टोकायला हवं होतं.

आता माझी पसंती. पहिलं, क्लॅन ऑफ एम्बर्स. ऑर्क लोकांचं राज्य, दिसायला आडदांड, म्हणून नवख्यांना कुणी सुचवत नाही. पण त्यांचे दोन्ही नेते 'बार्बेरियन' गुणाचे आहेत. म्हणजे रानटी टोळ्यांशी त्यांची सुरुवातीपासून शांतता. बाकीच्या सगळ्यांचा पहिला तास ज्या टोळ्यांपासून पळण्यात जातो, त्यांच्यामधून तुमचा शिपाई खुशाल फिरतो. तुम्हाला टोळ्या दिसतात, त्या शेजाऱ्यांचे हाल करतात तेही दिसतं, फक्त तुमच्यावर येत नाहीत. आणि खरी गंमत पुढे आहे. वीस चाली उलटल्यावर कधीही तुम्ही गुणांत पहिले आलात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या दीडपट पुढे गेलात, की ही शांतता आपोआप मोडते. टोळ्या तुमच्यावरही येतात.

आमच्या बार्शीकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचे आणि दोरीचं टोक मामाच्या हातात असायचं. पोरगं हातपाय मारायला लागलं की मामा न सांगता दोरी सैल सोडायचा. क्लॅन ऑफ एम्बर्सच्या त्या दीडपटीच्या नियमात मला तो मामा दिसतो. 'फ्लेक्सिबल डिफिकल्टी' आणि हे, दोन्ही पुढे गेलेल्याला अवघडच करतात. पण तिथे पडद्यामागे आकडे हलतात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. इथे कालचे मित्र तलवारी काढून वेशीवर येतात. तुम्हाला कळतं की डबा सुटला.

दुसरं, खझाद. डोंगरातले बुटके. यांच्या प्रत्येक शहरात तळघरातली तिजोरी असते, आणि ती किती भरलेली आहे हे तुमच्याकडचं एकूण सोनं भागिले शहरांची संख्या यावर ठरतं. तिजोरी रिकामी तर लोक नाराज. ओसंडून वाहत असेल तर लोक खूश आणि कामही जास्त. मूळ सिव्हिलायझेशनमध्ये जाणकार माणूस सोनं साठवत नाही. सगळं संशोधनात घालून शिल्लक शून्याजवळ ठेवतो. खझाद हा नियम उलटा करतात. पण नवख्याला तो उलटा आहे हे माहीत नसलं तरी काही बिघडत नाही, कारण हा नियम त्याच्या घरचाच आहे. पैसे गाठीला असले की घरात शांतता असते. नवीन शहर वसवलं की भागाकार बदलतो आणि तिजोरीची पातळी उतरते. 'राज्य वाढवायची किंमत असते' हा जो धडा बाकी ठिकाणी पाच वेगवेगळ्या आकड्यांमध्ये लपलेला असतो, तो इथे एका तिजोरीत डोळ्यांसमोर ठेवलाय. जादूगारांची बाजू त्यांची लंगडी आहे, तेवढं नुकसान होतं. पण जे आहे ते शिकवणारं आहे. मला विचाराल तर संपूर्ण मॉडमधलं सगळ्यात स्वच्छ डिझाइन.

हे सगळं मी ऋतुजाला समजावून सांगणार होतो. खझादच्या तिजोरीचं तर मनात भाषण तयार होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर ती लॅपटॉप उघडून बसलेली. एकेका नेत्याचं चित्र बघत होती आणि खालची गोष्ट वाचत होती. हे या मॉडचं एक वैशिष्ट्यच आहे. त्याला धड ट्यूटोरियल नाही, पण आतल्या विश्वकोशात राज्यांच्या, नायकांच्या, मंत्रांच्या छोट्या गोष्टी लिहिल्या आहेत. नियम समजायच्या आधी माणूस ओढला जातो तो तिथून.

"ही कोण?"

"अलेक्सिस. कालाबिमची. व्हॅम्पायर आहे. ते नको, अवघड आहे."

"मला अवघड जाईल हे तुला कुणी सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायची लाज वाटली. मार्चमध्ये तिचा फोन आला होता, एम-टू झेपत नाहीये म्हणून. मी तिला सांगितलं होतं, सगळं करू नकोस, तीन युनिट्स धर, चाळीस येतात. हे मला माझ्या पहिल्या वर्षी आमच्या सरांनी सांगितलं होतं. मराठी मीडियममधून आलेल्या आम्हा सातआठ जणांना मागच्या बाकावर गोळा करून, अगदी मायेने. चाळीसच्या वर आले. सोडलेल्या युनिटमध्ये फूरिए सिरीज होती. पुढच्या वर्षी 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'चं पुस्तक उघडलं तर ती पहिल्या धड्यापासून सगळीकडे होती, आणि वर्गात बाकीचे मान डोलवत असताना मी वहीत नुसती पाटीवरची चिन्हं उतरवत होतो. सर वाईट नव्हते. त्यांनी माझ्यासाठी कुरिओटाटेस निवडलं होतं, इतकंच.

मी म्हटलं, "घे. खेळ."

कालाबिमबद्दल माझं मत तिच्यामुळे बदललं, हे कबूल करतो. सिव्हिलायझेशन फोरमध्ये शहर क्षमतेपेक्षा मोठं झालं की नाराज लोकांचे लाल चेहरे दिसायला लागतात. ते काम करत नाहीत, फक्त खातात. नवखे त्या लाल चेहऱ्यांना घाबरतात आणि शहर वाढूच देत नाहीत. कालाबिमकडे 'गव्हर्नर्स मॅनर' नावाची इमारत आहे. ती बांधली की प्रत्येक नाराज माणसामागे उत्पादन मिळतं. लोक जितके रडतील तितकं काम जास्त. शिवाय त्यांचे व्हॅम्पायर शहरातल्या माणसांवर ताव मारून अनुभव कमावतात. शहर जितकं मोठं तितकी मेजवानी मोठी. म्हणजे ज्या चुकीला सगळे घाबरतात ती चूकच इथे भांडवल आहे. अन्न वाढवायचं, शहर फुगू द्यायचं, लाल चेहऱ्यांकडून काम काढायचं, उरलेले खायचे, पुन्हा वाढवायचं.

ऋतुजा ते वाचून म्हणाली, "हे तर आमच्या कॉलेजचं मॅनेजमेंट आहे."

हे राज्य दुष्ट आहे आणि तो दुष्टपणा कथेत सांगून सोडलेला नाही, तो हिशोबात बसवलाय. तुम्ही स्वतः बटण दाबून लोकसंख्या एकाने कमी करता. तिला ते पहिल्यांदा करताना कसंतरी झालं, तिसऱ्यांदा झालं नाही, आणि तिसऱ्यांदा झालं नाही हे तिच्याच लक्षात आलं. आणि शिकण्याच्या बाजूनेही बघा. कालाबिम खेळायला अन्न कसं वाढतं, नाराजी का येते, शहराची क्षमता कशाने ठरते हे समजून घ्यावंच लागतं. टाळता येत नाही. पण चुकलात तर शहर कोसळत नाही, उलट चुकीचं काहीतरी मोल मिळतं. निर्णय भरपूर आणि चुका पचणाऱ्या. मी ज्याला अवघड म्हणत होतो ते नवख्यासाठी कुरिओटाटेसपेक्षा कितीतरी बरं होतं. मी फक्त नियमांची संख्या मोजत होतो.

अर्थात सगळीच दुष्ट राज्यं अशी नाहीत. शेआइम नवख्याला देऊ नये. त्यांचे 'पायर झोंबी' मरताना स्फोट होऊन आजूबाजूच्यांना भाजतात, म्हणजे मेल्याने कामाला येणारे शिपाई, आणि त्यांच्या 'प्लेनर गेट'मधून निघणारे राक्षस जगबुडीच्या आकड्यावर अवलंबून असतात. जगबुडी मुद्दाम जवळ आणायची आणि तिच्यातून स्वतः वाचायचं. तिथे चूक पचत नाही. बाल्सेराफचा राजा पर्पेंटाक वेडा आहे आणि त्याचे गुणधर्म आपोआप बदलत राहतात. तोही पहिल्या डावाला नको, कारण काल शिकलेलं आज लागू नसतं.

एक सेटिंग राहिली, ती सगळ्यात छोटी. सिव्हिलायझेशन फोरमध्ये सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडला आणि तीच चाल तशीच केली तर निकाल तोच येतो. 'न्यू रँडम सीड ऑन रीलोड' हा पर्याय तुम्ही मुद्दाम चालू केला तरच फासे नव्याने पडतात. आम्ही हॉस्टेलला तो सर्रास चालू ठेवायचो. नव्वद टक्के शक्यता दाखवणारी लढाई हरलो की रीलोड, पुन्हा लढाई, जिंकलो. ऋतुजाच्या डावात तो बंद राहिला, माझ्या विसरभोळेपणाने. तिने तिसऱ्या दिवशी एका गुहेत शिपाई घुसवला. या मॉडमध्ये गुहा शोधणं म्हणजे जुगार असतो, कधी सोनं निघतं, कधी सगळ्या राज्याला पुरून उरेल असं काहीतरी बाहेर येतं. तिला दुसरं मिळालं. रीलोड केलं, तेच. पुन्हा रीलोड, तेच. मग ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे नशीब बदलता येत नाही, फक्त मी वेगळं काहीतरी करू शकते." तिने गुहेचा नाद सोडला, शिपाई मागे घेतला, शहराभोवती आणखी दोन उभे केले. नवख्यांसाठीच्या सेटिंग्जच्या कुठल्याही यादीत मी हा चौकोन पाहिलेला नाही.

जुलैमध्ये निकाल लागला. एम-टू सुटला, बेचाळीस. फूरिए सिरीज तिला येत नाही, हे तिला माहीत आहे आणि मलाही. सेकंड इयर सुरू झालंय. लॅपटॉप ती घेऊन गेली, मी परत मागितला नाही.

परवा रात्री तिने स्क्रीनशॉट पाठवला. कालाबिमचा जागतिक मंत्र 'रिव्हर ऑफ ब्लड' तिने नेमका युद्धाच्या तोंडावर वापरला होता. बाकी सगळ्या जगाच्या शहरांतली माणसं घटली आणि तिच्या शहरांत वाढली होती. पैठणी कपाटात राहिली नव्हती. मी कोपऱ्यातला जगबुडीचा आकडा बघितला. चालींच्या मानाने फारच वर गेलेला दिसला, म्हणून विचारलं, "लास्ट डेज टिक केलंस का?"

"हो. ऑर्थस पण चालू ठेवलाय."

"कशाला?"

"त्याची कुऱ्हाड हवी होती मला," ती म्हणाली. "तो आलाच नाही तर मिळणार कुठून?"